हौशी कबड्डीचा पगार

भिवंडी तालुक्यातल्या वळ गावाचे नाव आज बाहेरच्या माणसाला कळते ते गोदामांमुळे. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, माणकोली हा सगळा पट्टा एकेकाळी भातखाचरांचा होता. मुंबईची जकात चुकवायची, पण मुंबईपासून लांबही जायचे नाही, या व्यापारी हिशेबाने इथे गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामे हलली नाहीत. ऑनलाइन खरेदीच्या मालाने ती उलट वाढली. जमिनीला भाव आला आणि तो पैसा लग्नांत, बंगल्यांत, जत्रांत दिसू लागला, तसा मैदानातही दिसू लागला. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गावांना कबड्डीचे वेड जुनेच. पूर्वी जिथे ढाल आणि नारळावर सामने व्हायचे, तिथे आता रोख बक्षिसे लागतात आणि सर्वोत्तम खेळाडूला दुचाकी मिळते. यावर जुन्या रसिकांची तक्रार ठरलेली आहे: पूर्वी पोरे हौसेने खेळायची, पैसा आला आणि खेळ नासला. ही तक्रार इतिहासाला धरून नाही. महाराष्ट्राच्या कबड्डीत पैसा कधीच बाहेर नव्हता. तो कोणत्या वाटेने यावा आणि त्या वाटेवर नाक्याला कोणी बसावे, एवढेच नियमांनी ठरवले.

कबड्डीचे, म्हणजे तेव्हाच्या हुतूतूचे, नियम गावोगाव वेगळे होते. संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात, आणि बाद झालेला गडी परत येतो की नाही, एवढ्यावर त्यांची भांडणे होत. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत पुण्या-बडोद्याच्या संस्थांनी ते नियम एका साच्यात आणले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला त्याची प्रात्यक्षिके दाखवली आणि १९५० मध्ये कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. ही माणसे ध्येयवादी होती, पदरमोड करणारी होती. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण मैदानाच्या नियमांबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट विलायतेहून जशीच्या तशी उचलली: खेळाडूने खेळाचे पैसे घेऊ नयेत. ज्या इंग्लंडात हा दंडक जन्मला तिथे त्याचा अर्थ सरळ होता. ज्याच्या घरी शेतजमिनीचे उत्पन्न आहे तो सभ्य गृहस्थ, आणि ज्याला रोजंदारी बुडवून खेळायला यावे लागते तो भाडोत्री. इंग्लंडच्या क्रिकेटने हा भेद १९६२ साली अधिकृतपणे मोडीत काढला. आपल्याकडे त्यानंतर दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, कबड्डीच्या नव्या महासंघाने ‘अमॅच्युअर’ हा शब्द स्वतःच्या नावातच घातला.

हौशीपणाचा खर्च कोणावर पडतो हे तोपर्यंत महाराष्ट्राने एकदा पाहिले होते. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली, आणि तीही पुरेना तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या कर्जावर आले. ही गोष्ट आपण प्राचार्यांच्या मोठेपणासाठी सांगतो, आणि ते मोठेपण खरेच आहे. पण तिची दुसरी बाजू क्वचितच कोणी वाचतो. नियमाप्रमाणे खाशाबांना कुस्तीचे पैसे घेता येत नव्हते, विद्यापीठाकडे अशा खर्चाची तरतूद नव्हती, सरकार उदासीन होते; म्हणून एका शिक्षकाचे छप्पर गहाण पडले. पुढे १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, म्हणजे पदकाचा मोबदला अखेर नोकरीच्या रूपानेच मिळाला. अर्जुन पुरस्कार तर त्यांच्या मृत्यूनंतर आला.

नोकरी हीच ती वाट. लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी रुजली ती चाळींच्या मधल्या मैदानांत आणि व्यायामशाळांत, आणि कोकणातून आलेल्या कामगारांच्या पोरांनी ती वाढवली. हळूहळू बँका, रेल्वे, बंदर, गोदी, पोलीस आणि खासगी कारखाने यांनी आपापले संघ बांधले. महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, मुंबई बंदर, माझगाव डॉक, मध्य रेल्वे ही नावे मुंबई-ठाण्याच्या जुन्या रसिकाला आजही पाठ असतात. मंडळाकडून खेळणारा चढाईपटू एखाद्या स्पर्धेत चमकला की पुढच्या हंगामात तो कुठल्या तरी कार्यालयाच्या हजेरीपटावर दिसे. काम शिपायाचे किंवा कारकुनाचे, पण दुपारनंतर सराव आणि स्पर्धेला भरपगारी रजा. राज्यातल्या स्पर्धांत या संघांसाठी वेगळा गट असे, आणि पत्रिकेवर त्याचे नाव छापलेले असे ‘व्यावसायिक गट’. वर महासंघाच्या नावात अमॅच्युअर आणि खाली पत्रिकेत व्यावसायिक, हा विनोद पन्नासेक वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि कोणालाही तो खटकला नाही. खटकण्याचे कारणही नव्हते, कारण प्रत्येकाला त्यातून काही मिळत होते. कंपनीला ढाल आणि नाव, संघटनेला गर्दी, खेळाडूला निवृत्तिवेतनाची हमी. क्रिकेटमध्ये कार्यालयीन संघांच्या टाइम्स शील्ड स्पर्धेच्या जोरावर हेच चालले होते. तिथे फक्त त्याची चर्चा इंग्रजीत होत असे.

या व्यवस्थेचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. गिरणी कामगाराचा मुलगा खेळाच्या बळावर बँकेत लागला, त्याच्या पुढच्या पिढीने पदवी घेतली, अशी घरे मुंबई-ठाण्यात पुष्कळ आहेत. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण दिले आणि १ जुलै २०१६ ला त्याची फेररचना केली. ते याच वाटेचे सरकारी रूप. मात्र ही वाट अरुंद होती, आणि तिच्या तोंडाशी खेळाडूने काय करायचे याचे उत्तर तिच्यात नव्हते. अठरा ते चोवीस या वयात, जेव्हा दम सर्वांत जास्त असतो आणि दुखापतीही सर्वांत जास्त होतात, तेव्हा तो बहुधा कॉलेजात असतो. त्या वर्षांत त्याला मिळते काय? प्रवासभत्ता, एक पोशाख, हजेरीत सवलत, परीक्षेत सवलतीचे गुण आणि एक प्रमाणपत्र. कॉलेज प्रत्येक विद्यार्थ्याकडून जिमखाना फी घेते; न खेळणाराही ती भरतो. विजेतेपद कॉलेजच्या माहितीपुस्तकात छापले जाते आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला उपयोगी पडते. गुडघा मात्र खेळाडूचा जातो.

आता पुन्हा वळकडे पाहू. भिवंडी शहरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या इथल्या मुलाला घराजवळ सहज मिळणारे काम म्हणजे गोदामातले: माल मोजणे, पॅकिंग, चढउतार, पाळीवर देखरेख. भारतीय विद्यापीठ संघाच्या पात्रता नियमांप्रमाणे खेळाडूचे वय १७ ते २५ असावे लागते आणि तो पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला आंतरविद्यापीठ स्पर्धा बंद. नियमामागचा हेतू समजण्यासारखा आहे. रेल्वेच्या संघातला पोक्त खेळाडू नावापुरता प्रवेश घेऊन विद्यापीठाकडून उतरू नये, यासाठी तो केला आहे. पण त्याचा वार होतो तो भलत्याच माणसावर. ज्याच्या बापाची जमीन गोदामाला गेली आणि भाडे सुरू झाले, त्याला घरबसल्या हौशी राहता येते. ज्याच्या घरी विकायला जमीनच नव्हती, जो कुळाचा किंवा मजुराचा मुलगा आहे, त्याला रात्रपाळी आणि विद्यापीठाचा संघ यांतून एक निवडावे लागते. विलायती सभ्य गृहस्थाचा दंडक भिवंडीच्या खाडीकाठी असा नव्याने लागू झाला आहे.

प्रो कबड्डी या व्यावसायिक लीगने यात काय बदलले? २६ जुलै २०१४ ला वरळीच्या स्टेडियममध्ये पहिला सामना झाला. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार रुपयांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले गेले. नऊ वर्षांत वीसपट. मातीऐवजी मॅट आली, दमाऐवजी तीस सेकंदांचे घड्याळ आले, आणि हौशी महासंघाच्या मान्यतेने हे सगळे चालले. २०२२ च्या लिलावासाठी खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या दोन अंतिम संघांचे खेळाडूही यादीत घेतले गेले. म्हणजे विद्यापीठाची स्पर्धा आता उघडपणे व्यावसायिक लीगची रोपवाटिका आहे. रोपवाटिकेचा खर्च जिमखाना फी भरणारे विद्यार्थी, कॉलेजे आणि सरकार करतात. तयार खेळाडू संघमालक उचलतात. मधल्या वर्षांतला खेळाडू मात्र अजून हौशीच.

आणि नाक्यावर बसलेल्यांचे काय? महासंघाच्या कारभारावर वर्षानुवर्षे एकाच कुटुंबाची पकड राहिली, हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०१८ मध्ये न्यायालयाने अध्यक्षपदाची निवड रद्द करून प्रशासक नेमला. पुढे निवडून आलेल्या मंडळाच्या हाती कारभार जायला फेब्रुवारी २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. हौशीपणाचा दंडक खेळाडूला लोभापासून वाचवतो असे सांगणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. पैशाचा मोह फक्त मैदानातल्या सातजणांनाच होतो, असे त्या दंडकाने गृहीत धरले होते.

लिलावापेक्षा नोकरी बरी, असा एक आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणारे बहुधा जुने खेळाडूच असतात. लिलावाचा पैसा दोन-तीन हंगामांचा, नोकरी अठ्ठावन्न वर्षांपर्यंतची. हे बरोबर आहे, आणि लीगमधले कित्येक नावाजलेले खेळाडू आजही रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांच्या नोकरीत आहेत हे त्याचेच प्रमाण. पण ती वाट आता आपोआप उघडी राहिलेली नाही. गिरण्या १९८२ च्या संपानंतर गेल्या, आणि त्यांचे कित्येक माग भिवंडीच्याच कारखान्यांत येऊन पडले. देना बँक १ एप्रिल २०१९ ला दुसऱ्या बँकेत विलीन झाली, एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. ज्या संस्थांनी कबड्डीपटूंना पोसले त्यांतल्या काही उरल्याच नाहीत, आणि उरलेल्यांत कंत्राटी भरती वाढली. नसलेल्या नोकरीची हमी देऊन तरुणाला फुकट खेळवणे म्हणजे बंद पडलेल्या बँकेचा धनादेश देणे.

दुसरा आक्षेप नीतीचा: पैसा आला की खोटेपणा येतो. मग प्रमाणपत्रांचे काय? पाच टक्के आरक्षणातून नोकरी मिळते म्हटल्यावर राज्यात ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे निघाली आणि ती वापरून नोकरीला लागलेल्यांवर कारवाई करायची वेळ आली. तिथे रोख रक्कम खेळाडूच्या हातात कोणीच दिली नव्हती. लपवून दिलेला मोबदलाच जास्त सडतो, कारण त्याची पावती नसते.

अभ्यासाचे काय, हा प्रश्न अधिक वजनदार. त्यावर सगळ्या जगाने इतकी वर्षे अमेरिकेचा दाखला दिला. तिथे १९०६ पासून कॉलेजच्या खेळांवर एका संघटनेचा अंमल आहे, आणि खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही द्यायचे नाही हा तिचा कणा होता. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा तिथला शब्दप्रयोग १९५० च्या दशकात रूढ झाला तो जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून भरपाई मागू नये म्हणून, हे त्या संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे लिहून ठेवले. प्रशिक्षक कोट्यधीश झाले, स्टेडियमे वाढली, खेळणारी मुले मात्र शुद्ध राहिली. जून २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कण्यावर पहिला घाव घातला. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजे खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि जुन्या खेळाडूंची २८० कोटी डॉलरची भरपाई वेगळी. आपल्या कॉलेजांच्या कबड्डीत तेवढा पैसा नाही, कधी येणारही नाही. पण पैसा थोडा आहे म्हणून तो खेळाडूलाच नाकारावा, हा तर्क तिथेही टिकला नाही. शिवाय सकाळी सराव, दुपारी तास आणि रात्री गोदामात पाळी, यांतला अभ्यासाचा शत्रू कोणता हे शोधायला आयोग नेमावा लागू नये.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ मध्ये झाला. त्यात महासंघांच्या निवडणुका आहेत, खेळाडूंना कार्यकारिणीत जागा आहे, न्यायाधिकरण आहे. कॉलेजच्या खेळाडूबद्दल त्याला फारसे बोलायचे नव्हते, त्यामुळे ते काम विद्यापीठांकडेच उरते. पोटासाठी नोकरी करणारा खराखुरा विद्यार्थी आणि संघासाठी प्रवेश घेतलेला नोकरदार खेळाडू यांत फरक करणारा नियम भारतीय विद्यापीठ संघाला करता येईल. हजेरी आणि परीक्षेचे निकाल पाहिले की तो फरक दिसतो. मुंबई विद्यापीठाने आपल्या कॉलेजांना जिमखाना फी किती जमली आणि कशावर खर्च झाली, हे फलकावर लावायला सांगावे. संघात निवडलेल्या प्रत्येक खेळाडूचा दुखापतीचा विमा त्याच फीतून उतरवावा, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर वर्गणीची पेटी फिरवू नये. गावोगावच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनीही बक्षिसाची रक्कम संघाच्या पुढाऱ्याच्या हातात न देता खेळाडूंच्या खात्यांत टाकावी. वळपासून माणकोलीपर्यंत या स्पर्धांना देणगी देणारे गोदाममालक भाडे खात्यातच घेतात. त्यांना हे जड जाणार नाही.