जन्मवेळ आणि पोस्टकार्ड



आज १९ जुलै. १९३८ साली याच तारखेला कोल्हापुरात जयंत विष्णु नारळीकरांचा जन्म झाला. ते असते तर आज त्यांना ८७ वर्षं पूर्ण झाली असती. २० मेला ते गेले, त्याला अजून दोन महिनेही झालेले नाहीत, त्यामुळे या कार्यक्रमाच्या फलकावर ‘जयंती’ लिहायला आमचा कुणाचाच हात धजावला नाही. आम्ही ‘वाढदिवस’ असंच लिहिलंय. चूक असेल तर राहू द्या.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आज आम्ही कृष्णविवरांवर बोलणार नाही. हॉईल-नारळीकर सिद्धान्त, केंब्रिज, विशीत असतानाच मिळालेलं पद्मभूषण, १९७२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत येणं, १९८८ साली पुण्यात आयुकाची उभारणी, हे तुम्ही गेल्या दोन महिन्यांत पुष्कळ वाचलंत. आज आपण एका प्रयोगाचा इतिहास बघणार आहोत. त्याला ना दुर्बीण लागली, ना उपग्रह. त्याला लागल्या २०० शाळकरी मुलांच्या जन्मवेळा.

जन्मदिवस म्हटला की आपल्याकडे पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. वेळ काय? गाव कोणतं? बाळ-बाळंतीण खोलीत यायच्या आत कुणीतरी घड्याळ बघून कागदावर वेळ टिपलेली असते. त्या कागदाचं पुढे काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता थोडी पार्श्वभूमी. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांमध्ये ‘ज्योतिर्विज्ञान’ या नावाने अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं. देशातल्या अनेक वैज्ञानिकांनी विरोध केला. नारळीकर त्यात पुढे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००४ साली न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे पत्रकं निघाली, लेख झाले, याचिका झाली आणि हरली. अशा वेळी माणूस दोन गोष्टी करू शकतो. एक तर आणखी मोठ्याने बोलायचं, नाही तर समोरच्याला म्हणायचं, बरं, तुमचं शास्त्र आहे ना, मग तपासून बघू या. नारळीकरांनी दुसरी वाट धरली. तशी ती वाट नवी नव्हती. अमेरिकेत शॉन कार्लसन याने केलेली ज्योतिषाची चाचणी १९८५ सालीच ‘नेचर’मध्ये छापून आली होती. पण ती पाश्चात्त्य पद्धतीच्या पत्रिकांवर होती. आपल्याकडचे ज्योतिषी म्हणणारच की त्यांचं वेगळं, आमचं वेगळं. आणि ते म्हणणं रास्तही आहे.

म्हणून पुण्यात चौघे एकत्र आले. नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे. हे शेवटचं नाव महत्त्वाचं आहे. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले, पत्रिका बघितलेले आणि नंतर त्याचे टीकाकार झालेले. पत्रिका मांडायचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणजे ‘यांना पत्रिकेतलं काय कळतंय’ हा आक्षेप घ्यायला जागाच ठेवलेली नव्हती.

प्रयोग असा. समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून फिरले. काही शाळांमधून त्यांनी अभ्यासात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांची नावं घेतली, तर काही विशेष शाळांमधून तेव्हा ज्यांना ‘मतिमंद’ म्हणत त्या मुलांची. हा शब्द आता आपण वापरत नाही, वापरूही नये. पण तेव्हाच्या कागदांवर तोच आहे. दोन्हीकडून १००-१०० मुलं निवडली. मग त्यांच्या आईवडिलांकडून जन्माची तारीख, वेळ आणि ठिकाण घेतलं. एकूण २०० पत्रिका तयार झाल्या. प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक दिला. कोणता क्रमांक कुणाचा, याची किल्ली कुंट्यांकडे, विद्यापीठात बंद. १२ मे २००८ रोजी पुण्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना जाहीर निमंत्रण दिलं. तुम्हाला ४० पत्रिका पाठवतो, त्यातल्या कोणत्या हुशार मुलांच्या आणि कोणत्या मतिमंद मुलांच्या तेवढं सांगा.

अटी बघा. ४० पत्रिकांपैकी नुसत्या अंदाजानेही सरासरी २० बरोबर यायच्या. निकाल निव्वळ नशिबाचा नाही असं म्हणायला निदान २८ हव्यात, हे आधीच ठरवलेलं होतं. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांची उत्तरं आली. सर्वांत जास्त गुण २४. २८ कुणालाच नाहीत आणि सगळ्यांची सरासरी २० च्याही खाली. सगळ्या २०० पत्रिका मागवून उत्तरं पाठवणारी संस्था एकच निघाली. तिची १०२ उत्तरं बरोबर आली. बरं, २४ हा आकडा तरी विशेष आहे का? या सभागृहातल्या कुठल्याही २७ जणांनी ४०-४० वेळा नाणं उडवलं, तर एखाद्याचे २४ छापे सहज पडतील. त्याला आपण छापशास्त्री म्हणत नाही.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना माहीत असतं. आकडे सांगून लोक हसतात आणि पुढे जातात. आम्हाला आज थांबायचंय ते त्याच्या आधीच्या पायरीवर, जिथे कार्यकर्ता विशेष शाळेतल्या मुलाच्या आईला विचारतो, “ताई, याची जन्मवेळ सांगाल का?”

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर तुम्हाला कल्पना येईल. आमच्या जुन्या वाड्यात असा एक मुलगा होता. त्याच्या आईला जन्मवेळ घडाघडा पाठ होती, कारण तिला ती कितीदा तरी विचारली गेली होती. एकाने सांगितलं पितृदोष आहे. दुसऱ्याने नारायण-नागबळी करायला लावला. तिसरा म्हणाला, वेळेत चार मिनिटांचा फरक असणार, नीट आठवा. ती बिचारी वर्षानुवर्षं ती चार मिनिटं शोधत बसली. त्या प्रश्नाच्या पोटात एक आरोप असतो हो. मूल असं का, याचं उत्तर तुझ्या बाळंतपणाच्या घड्याळात आहे, असा.

आता पुण्यातल्या प्रयोगात तीच माहिती मागितली गेली. पण त्या बदल्यात कुणी दोष सांगितला नाही, उपाय सांगितला नाही, दक्षिणा घेतली नाही. आईने दिलेली वेळ २०० वेळांमध्ये मिसळली गेली. हुशार म्हणून मिरवणाऱ्या मुलांच्या वेळांसोबत, त्याच ढिगात, नाव न लावता. आणि निष्कर्ष काय निघाला? पत्रिका मांडणाऱ्या तज्ज्ञालासुद्धा या दोन ढिगांत फरक करता येत नाही. आमच्या दृष्टीने या प्रयोगाचा खरा निकाल हा आहे. ज्योतिषी हरले हा बातमीचा मथळा झाला. त्या १०० घरांसाठी त्याचा अर्थ असा, की तुमच्या मुलाच्या जन्माच्या क्षणी आकाशात काही बिघडलेलं नव्हतं.

हे वाक्य नारळीकरांनी लिहिलेलं नाही, ते आमचं आहे. त्यांचं लिखाण कोरडं असायचं. पत्रिका किती, उत्तरं किती, बरोबर किती. भावना त्यांनी मांडणीत ठेवली, शब्दांत आणली नाही.

एक आक्षेप घ्यायला हवा, आणि आमच्याच मंडळातल्या काही जणांनी तो घेतलाय. संख्याशास्त्राने त्या आईचं काय भलं झालं? ती ज्योतिषाकडे जाते ती काही भाकीत बरोबर येतं म्हणून नाही. तिथे कुणीतरी तासभर तिचं ऐकून घेतं म्हणून जाते. ते ऐकून घेणं प्रयोगशाळा देते का? नाही देत. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. या चौघांमध्ये दाभोलकर होते, ते डॉक्टर होते आणि साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र चालवत होते, हे आम्हाला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ज्याने व्यसनी माणसाच्या बायकोचं गाऱ्हाणं ऐकलंय, तो माणूस तर्काच्या बाजूने उभा होता. प्रयोगाला पाच वर्षं झाली आणि २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात पुलावर त्यांचा खून झाला. पत्रिका तपासून बघू या, असं सौम्यपणे म्हणणाऱ्या माणसांच्या वाट्याला या शहरात काय आलं, हे बोलल्याशिवाय आजचा विषय पुरा होत नाही.

आता थोडं मागे जाऊ. नारळीकरांकडे हा स्वभाव आला कुठून? एक धागा त्यांच्या गुरूंकडे जातो. फ्रेड हॉईल हे रेडिओवरून सामान्य माणसांशी विश्वाबद्दल बोलायचे. ‘बिग बँग’ हा शब्द त्यांनीच १९४९ साली बीबीसीवरच्या एका भाषणात वापरला, आणि तोही जो सिद्धान्त त्यांना पटत नव्हता त्याच्यासाठी. दुसरा धागा इथलाच. मराठीत विज्ञान सांगायची परंपरा बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दिग्दर्शन’पासूनची, म्हणजे १८४० पासूनची. पुण्याचं ‘सृष्टिज्ञान’ १९२८ चं. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे मुलाचं बालपण बनारसला गेलं आणि शिक्षण पुढे केंब्रिजला. तरी हा माणूस गोष्टी मराठीत लिहायला बसला.

१९७४ ची हकिगत अनेकांना माहीत आहे, पण आज सांगायलाच हवी. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जविना उलटं करा, नाविज. अक्षर ओळखू येईल म्हणून मजकूर मंगलाताईंकडून लिहून घेतला. पहिलं बक्षीस मिळालं. आता तो ज्योतिषांचा प्रयोग आठवा. नाव झाकायचं, ओळख काढून घ्यायची आणि मग परीक्षकाला विचारायचं. आधी त्यांनी हा न्याय स्वतःला लावला होता. ज्योतिषांना लावला तो ३४ वर्षांनी.

मंगलाताईंचा विषय निघालाच आहे, तर दोन मिनिटं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असंही म्हणायची सोय केली गेली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. किती थट्टा झाली! विधिमंडळापर्यंत झाली. आम्हीही, खरं सांगायचं तर, तेव्हा हसलो होतो. त्यांचं म्हणणं साधं होतं. सात वर्षांच्या मुलाच्या कानावर आधी ‘सत्ता’ पडतं, म्हणून ते आधी ७ लिहितं, मग २, आणि २७ चे ७२ होतात. त्यात ती जोडाक्षरं. आपल्याला सवय झाली म्हणून आपण ते विसरलो. वयाच्या ७६ व्या वर्षी ही बाई सात वर्षांच्या मुलाच्या कानाने आकडे ऐकत होती, आणि राज्य त्यांना हसत होतं. पुस्तकात जुनी पद्धतही ठेवलेली होती, पण ते उघडून कोण बघतो?

परत नारळीकरांकडे. आयुकात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या नावच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून तिथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. त्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींपैकी एक, आणि त्यात पु. ल. बेमालूम बसलेले. अरविंद गुप्ता तिथे वर्षानुवर्षं काड्यापेट्या आणि सायकलच्या ट्यूबमधून विज्ञान शिकवत राहिले.

व्याख्यान संपलं की मुलं वह्या घेऊन सहीसाठी गराडा घालायची. नारळीकर सही द्यायचे नाहीत. ते सांगायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. काही पालकांना हे तुसडेपणाचं वाटायचं. मोठा माणूस, एक सही करायला काय जातं? पण हिशोब करून बघा. सहीला तीन सेकंद लागतात. पोस्टकार्ड वाचायचं, मुलाची इयत्ता ओळखायची, त्याला झेपेल असं उत्तर त्या एवढ्याशा जागेत बसवायचं आणि पत्ता लिहून टपालात टाकायचं, याला किती वेळ लागतो? या व्यवहारात जास्त काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. आणि मुलाला काय मिळायचं? विश्वाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने माझा प्रश्न, माझ्या नावानिशी, माझ्या गावच्या पत्त्यावर गंभीरपणे घेतला, ही गोष्ट.

त्या प्रयोगातली २०० मुलं आज मोठी झाली असतील. शंभर घरांत त्यांच्या वाढदिवसाला कदाचित मित्रांची गर्दी होत असेल. उरलेल्या शंभर घरांत म्हातारे होत चाललेले आईवडील केक कापायला हात धरत असतील. तारखा आणि वेळा दोन्हीकडच्या तशाच, एका ढिगात मिसळलेल्या.

आमचं बोलणं इथे थांबवतो. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवलाय. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी बाहेर टेबलावर कोरी पोस्टकार्डं ठेवली आहेत. पत्ता स्वच्छ अक्षरात लिहा, पिनकोड विसरू नका. उत्तर द्यायला आम्हाला थोडा वेळ लागेल.