नकाराच्या भरवशावर

1 डिसेंबर 2008. तुम्ही कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये आहात, एंजल्स या बेसबॉल संघाच्या कचेरीत. मैदान रिकामं आहे, खेळाडू सुट्टीवर आहेत. लेहमन ब्रदर्स बुडून अडीच महिने झालेत आणि पैशाच्या बाबतीत सगळेच हात आखडून आहेत. आज रात्रीच्या आत तीन खेळाडूंबद्दल निर्णय घ्यायचा आहे. तुम्ही कोणाला दिसत नाही, तेव्हा खुशाल आत या.

पहिला खेळाडू मार्क टेशेरा. त्याला जुलैअखेर अटलांटाकडून आणला, बदल्यात आपला फर्स्ट बेसमन केसी कॉचमन आणि एक तरुण पिचर दिला. टेशेराने 54 सामन्यांत 13 होम रन ठोकले. संघाने हंगामात 100 सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बॉस्टनकडून मार खाल्ला. दुसरा फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ, एका हंगामात 62 सेव्ह करून विक्रम मोडलेला. तिसरा पिचर जॉन गार्लंड. तिघांचेही करार संपलेत, तिघेही आता फ्री एजंट, म्हणजे वाटेल त्या संघात जायला मोकळे.

आता नियम ऐका. जुन्या संघाने खेळाडूला आर्बिट्रेशन देऊ केलं, म्हणजे ‘एक वर्ष राहा, पगार लवाद ठरवेल’ असं सांगितलं, आणि तो नाही म्हणून दुसरीकडे गेला, तर जुन्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, भरपाई मिळते. इलायस स्पोर्ट्स ब्युरो आकडेवारीवरून खेळाडूंची प्रत ठरवतो. ‘टाइप ए’ खेळाडू गेला, तर त्याला घेणाऱ्या संघाची पहिल्या फेरीतली पाळी तुमची, शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधली एक जादा पाळी. ‘टाइप बी’ असेल तर फक्त ती मधली. नवा संघ तळाच्या पंधरांतला असेल, तर त्याची पहिली पाळी सुरक्षित आणि तुम्हाला त्याची दुसरी.

म्हणजे दारात निघालेल्या पाहुण्याला ‘जेवूनच जा ना’ म्हणायचं आणि तो खरंच पाटावर बसणार नाही अशी आशा करायची. पण पाहुणा बसलेला आहे याआधी. 2002 साली अटलांटाने ग्रेग मॅडक्सला असाच आग्रह केला आणि तो हो म्हणाला. त्याचा पगार 1 कोटी 47 लाख 50 हजार डॉलर झाला आणि खर्चाचा मेळ बसवायला अटलांटाला केव्हिन मिलवूड हा चांगला पिचर फिलाडेल्फियाला देऊन टाकावा लागला.

टेशेरा आणि रॉड्रिगेझ यांची चिंता कोणाला नाही. त्यांच्यामागे मोठे संघ लागलेत, ते वर्षभराचा करार घेणार नाहीत. धाकधूक गार्लंडची. त्याचा पगार 1 कोटी 20 लाख आहे आणि अशा मंदीत कोणी तेवढा देईल असं दिसत नाही. तरी एंजल्स तिघांनाही आर्बिट्रेशन देतात. खेळाडूंना उत्तरासाठी 7 डिसेंबरपर्यंत मुदत. तिघेही नाही म्हणतात. गार्लंड पुढे बराच कमी पैशांत ॲरिझोनाकडे जातो.

त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये यांकीज मात्र कच खातात. 1 कोटी 60 लाखांचा बॉबी अब्रेयू हो म्हणेल या भीतीने ते त्याला आर्बिट्रेशन देतच नाहीत. फेब्रुवारीत हाच अब्रेयू 50 लाखांत एंजल्सकडे येतो आणि त्याच्यासाठी एंजल्सना एकही पाळी गमवावी लागत नाही. सर्वांत श्रीमंत संघाने इतकं भ्यावं, हे मला तरी पटत नाही.

रॉड्रिगेझ मेट्सकडे जातो. 23 डिसेंबरला बातमी येते, टेशेरा यांकीजकडे, आठ वर्षं, 18 कोटी डॉलर. आता गंमत पाहा. यांकीजनी त्याच हिवाळ्यात मिलवॉकीचा सीसी सबाथियाही घेतलाय. पहिल्या फेरीतली पाळी एकच, ती कोणाला? इलायसच्या यादीत टेशेरा किंचित वर, म्हणून ती एंजल्सना. सबाथियासाठी चार तरुण खेळाडू मोजलेल्या मिलवॉकीच्या वाट्याला मधल्या पाळीखेरीज यांकीजची दुसऱ्या फेरीतली, थेट 73 व्या क्रमांकाची. नियम म्हणे दुबळ्या संघांसाठी होता!

मधल्या फळीतल्या खेळाडूंचे हाल तर विचारू नका. ‘टाइप ए’ शिक्का बसलेल्या रिलीफ पिचरला घ्यायचा तर पाळी घालवावी लागते, म्हणून संघ बिचकतात. हुआन क्रूझला फेब्रुवारी संपत येईपर्यंत घर मिळत नाही.

9 जून 2009. न्यू जर्सीतला सिकॉकस, एमएलबी नेटवर्कचा स्टुडिओ. ड्राफ्टला निमंत्रण स्वीकारून आलेला मुलगा एकच, याच राज्यातल्या मिलविल गावचा, 17 वर्षांचा. पहिलं नाव स्टीफन स्ट्रासबर्गचं. मग एकामागून एक नावं, आणि हा मुलगा बसलेलाच. 24 वी पाळी, मेट्सकडून आलेली: एंजल्स रँडल ग्रिचक घेतात. 25 वी, यांकीजकडून आलेली. कमिशनर बड सीलिग नाव वाचतात: माइक ट्राउट.

स्टुडिओत टाळ्या वाजतात, पण पुढचं तुम्हालाच ठाऊक आहे. 2014, 2016 आणि 2019 साली अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मौल्यवान खेळाडू, हाच असणार आहे. भरपाईच्या मधल्या पाळ्यांतून त्याच दिवशी टायलर स्कॅग्ज आणि गॅरेट रिचर्ड्सही येतात. ज्याच्यासाठी एवढी धाकधूक, त्या गार्लंडच्या बदल्यात आलेला पिचर मात्र मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही.

2011 च्या अखेरीस झालेल्या करारात ही पद्धत मोडीत निघाली. तिच्या जागी सर्वाधिक पगाराच्या 125 खेळाडूंच्या सरासरीएवढा एक वर्षाचा प्रस्ताव आला आणि भरपाईसाठी खेळाडू हंगामभर त्याच संघात असायला हवा अशी अट पडली. टेशेरा एंजल्सकडे जेमतेम दोन महिने होता. नव्या नियमात त्याच्या बदल्यात त्यांना काहीच मिळालं नसतं, 25 वी पाळीसुद्धा नाही.