रेझिस्टर घेताना ओहम बघता, वॅट बघता का?

मोटारसायकलला एलईडी लावला आणि चार दिवसांत गेला, ही तक्रार दुरुस्तीच्या दुकानात नेहमीची. अनेकदा दोष एलईडीचा नसतो. त्याच्यासोबतचा रेझिस्टर चुकीचा असतो, नाहीतर लावलेलाच नसतो.

काम काय?
रेझिस्टर, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला रोधक, प्रवाहाला अडवून मर्यादेत ठेवतो. अडवलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून तो तापतो. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला हिशेब सोपा आहे: व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर.

किती ओहमचा?
बॅटरी १२ व्होल्टची असली तरी गाडी सुरू झाल्यावर चार्जिंगमुळे सुमारे १४ व्होल्ट मिळतात. हिशेब १४ वरच करायचा. साधा लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, उरले १२. प्रवाह हवा जास्तीत जास्त २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर. १२ भागिले ०.०२, उत्तर ६०० ओहम. बाजारात सहज मिळणारं त्याच्या वरचं माप ६८०, तेच घ्या.

रंग कसे वाचायचे?
काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर सोनेरी पट्टा उजवीकडे धरा. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा पुढची शून्यं. निळा, करडा, तपकिरी म्हणजे ६८०. सोनेरी म्हणजे ५ टक्के कमी-जास्त. रेझिस्टरला प्लस-मायनस नसतो, कसाही जोडा.

वॅट का बघायचा?
१२ व्होल्ट गुणिले ०.०१७६ अँपिअर, म्हणजे सुमारे ०.२१ वॅट उष्णता. पाव वॅटचा रेझिस्टर अगदी काठावर येतो. दोन-पाच पैशांकडे न बघता अर्ध्या वॅटचा घ्या.

जळाला तर?
नुसता बदलू नका. पुढचा एखादा पार्ट शॉर्ट झाल्यानेही तो जळतो, आधी ते तपासा. चार्जरमधले काही रेझिस्टर तर फ्यूजसारखे मुद्दाम जळण्यासाठीच बसवलेले असतात. त्या जागी तार जोडली तर आगीचा धोका आहे. वरचा हिशेब बॅटरीपुरताच. घरच्या २३० व्होल्टवर प्रयोग नकोत, जाणकार कारागिराकडेच जा.