अंगणवाडीतलं अंगण कुठं गेलं?

शिक्षिका घडवण्याचं काम नगरला नवं नाही. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते इथेच, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंकडे. म्हणून आज अंगणवाडीबद्दल लिहितोय. आपल्याकडे अंगणवाडी म्हटलं की खोली, खिचडी आणि वजनकाटा आठवतो. मुळात तिथे खोली नव्हतीच.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला (तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर) ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसरीची तयार साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं हीच साधनं झाली. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात गेली. तीच अंगणवाडी! पुढे १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही निघाली.

हे सगळं आपण कौतुकानं सांगतो, पण मुद्द्याची गोष्ट राहून जाते. बिया आणि शिंपले फुकट मिळतात. त्यातून शिकवणारी बाई फुकटात तयार होत नाही. मूठभर चिंचोक्यांतून मोजणी, वर्गवारी, गोष्ट आणि खेळ काढायला तीन वर्षांचं मूल कसं शिकतं ते कळावं लागतं. ताराबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांसोबत नूतन बालशिक्षण संघ उभारला तेव्हापासून मुलांइतकंच लक्ष त्यांनी शिक्षकांवर दिलं. अनुताई वाघ त्यांच्याकडे आल्या, बालशिक्षण तिथेच काम करत शिकल्या आणि पुढे कोसबाडहून असंख्य बालसेविका त्यांनी घडवल्या.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली. नाव अंगणवाडीच राहिलं. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी ही कामं मोलाचीच, त्यात वाद नाही. पण एकाच सेविकेवर इतकी कामं आणि इतक्या नोंदी आल्या की शिकवणं शेवटी उरलं. यात दोष त्या ताईंचा नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितलाय. तो मोबाईलच्या पडद्यावरच उरकला तर भिंतीवरची चित्रं तेवढी वाढतील. आपल्या अकोल्यात राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली, पद्मश्री मिळवली. अशा जिल्ह्यात मुलांना बी पुस्तकातल्या चित्रात दाखवायचं?

मंडळी, पुढच्या ग्रामसभेत इमारतीच्या रंगरंगोटीसोबत एवढं विचारा: आपल्या सेविकाताईंना बालशिक्षणाचं प्रशिक्षण किती दिवस मिळालं, आणि त्यातले किती तास झाडाखाली गेले?