पेशीनं मारलेली हाक

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. साल १९३६, शहर बॉस्टन, आणि तुम्ही बॉस्टन सिटी हॉस्पिटलच्या मॅलरी इन्स्टिट्यूटमध्ये उभे आहात. नाकात फॉर्मॅलिनचा वास भरलाय. शेजारी दोघं जण एका काचपट्टीवरून हलक्या आवाजात बोलताहेत. पॉल किमेलस्टील हे हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले हॅम्बुर्गचे विकृतिशास्त्रज्ञ, तर क्लिफर्ड विल्सन इंग्लंडहून आलेले तरुण डॉक्टर. त्यांना तुम्ही दिसत नाही, तेव्हा निवांत बघा.

काचेवर मेलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाचा पातळ काप आहे. त्यात केशवाहिन्यांचे गुच्छ दिसतील. यांना ग्लोमेरुलस म्हणतात. एकेका मूत्रपिंडात असे साधारण दहा लाख असतात आणि रक्त गाळलं जातं ते इथेच. पण या गुच्छात वाहिन्यांच्या मधोमध गुळगुळीत, गुलाबी, गोल गाठी साचल्यात. ज्यांच्या शरीरात त्या सापडल्या, त्यांच्या अंगावर सूज होती, रक्तदाब चढलेला होता, लघवीतून प्रथिन जात होतं. बहुतेकांना मधुमेह होता.

हे रुग्ण इतकी वर्षं जगले यातही इन्सुलिनचा हात आहे. ते १९२२ पासून मिळू लागलं. त्याआधी मधुमेहाचे कितीतरी रुग्ण, त्यातही तरुण, मूत्रपिंड बिघडण्याइतके जगतच नसत. औषधानं आयुष्य दिलं आणि त्या वाढीव आयुष्यात हा नवा आजार उघडा पडला. किमेलस्टील आणि विल्सन यांची नावं या गाठींना कायमची चिकटणार आहेत. मात्र या टेबलावर गोष्टीचा शेवटच तेवढा दिसतो. सुरुवात बघायची तर पेशी जिवंत हवी आणि तिच्या आत शिरता यायला हवं.

म्हणून चार्ल्स नदी ओलांडा आणि १९८६ मध्ये या. केंब्रिजची व्हाइटहेड इन्स्टिट्यूट. किती वाजलेत ते विचारू नका, पोस्टडॉकच्या प्रयोगशाळेत घड्याळाला फारसा अर्थ नसतो. इथे रंजन सेन, डेव्हिड बाल्टिमोर यांच्या हाताखाली, डीएनएचा किरणोत्सारी तुकडा केंद्रकातल्या प्रथिनांत मिसळताहेत. मिश्रण जेलमध्ये घालून वीज सोडली की मोकळा तुकडा पुढे पळतो आणि प्रथिन चिकटलेला मागे रेंगाळतो. फिल्म धुतल्यावर तो मागचा काळा पट्टा तुम्हालाही दिसतो. प्रथिनाचं नाव ठरतं एनएफ-कप्पा-बी.

सेन यांना मूत्रपिंडाशी काही देणंघेणं नाही. ते प्रतिपिंडाच्या एका जनुकाच्या मागे आहेत. पण त्याच वर्षी त्यांना आणखी एक गोष्ट कळते: हे प्रथिन इतर पेशींतही असतं, फक्त निजलेलं. जागं करायला नवं प्रथिन बनवावं लागत नाही. आय-कप्पा-बी नावाचं दुसरं प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवतं, हे पुढे दोन वर्षांनी स्पष्ट होतं. संकटाचा इशारा आला की ते अडकवणारं प्रथिन नष्ट केलं जातं, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि दाहाची जनुकं सुरू होतात. जंतू आला तर ही घाई जीव वाचवते.

पण साखर काही जंतू नव्हे. तिच्यामुळे ही यंत्रणा का जागी व्हावी?

उत्तरासाठी प्रयोग स्वतःच्या हातानं करून बघा. १९९० च्या दशकातल्या एका मूत्रपिंड-प्रयोगशाळेत तुम्हाला पिपेट दिलंय. समोर तीन बश्या, तिन्हींत मेसँजियल पेशी, म्हणजे गुच्छात वाहिन्यांना धरून ठेवणाऱ्या पेशी. पहिल्या बशीत ग्लुकोज ५.५ मिलिमोल, आपल्या रिपोर्टच्या भाषेत सुमारे १०० मिलिग्रॅम. दुसरीत ३० मिलिमोल, म्हणजे ५४०. तिसरीत ग्लुकोज पहिलीइतकंच, पण वरची भर मॅनिटॉलची. मॅनिटॉल पेशीत सहसा शिरत नाही, नुसता द्राव दाट करतं. गडबड दाटपणाची की साखरेची, हे तिसऱ्या बशीमुळेच कळतं. कुठल्याही शोधनिबंधात ही तिसरी बशी नसेल तर मी तो शंकेनंच वाचतो.

आता दुसऱ्या बशीतल्या एका पेशीत शिरा. भिंतीवर ग्लूट-१ हे साखर आत नेणारं प्रथिन आहे. बाहेर साखर वाढली की शरीरातल्या बऱ्याच पेशी आतली आवक आवरतात. हिला ते जमत नाही. लग्नघरासारखं दार सताड उघडं, येईल तो आत. १९९५ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्याच्या मेसँजियल पेशींना मुद्दाम जादा ग्लूट-१ बनवायला लावलं गेलं. बाहेरची साखर नेहमीइतकीच होती, तरी पेशी मधुमेह असल्यासारखं कोलेजन ओतू लागल्या.

आत सगळीकडे एकदम धांदल उडते. मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइड निसटतं. प्रोटीन कायनेज सी जागं होतं. साखर प्रथिनांना चिकटून जी कडक संयुगं बनतात, ती पेशीवरच्या रेज नावाच्या ग्राहकाला डिवचतात. वाटा वेगळ्या, पण त्यातल्या बऱ्याच जाऊन मिळतात त्या आय-कप्पा-बीच्या नाशाला. एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जातं आणि ज्या जनुकांना हात घालतं त्यांत रेजचंही जनुक असतं. म्हणजे इशारा ऐकणारे कान आणखी वाढतात. माझ्या मते साऱ्या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच.

मग पेशी एमसीपी-१ नावाचा रेणू बाहेर सोडते. ही तिची हाक. बशीत ती वाया जाते. शरीरात मात्र रक्तातले मोनोसाइट ऐकतात, वाहिनीच्या भिंतीतून आत येतात, मॅक्रोफेज होतात आणि स्वतःचे दाहक रेणू ओततात. त्यांच्या संगतीनं टीजीएफ-बीटा हे प्रथिन वाढतं, त्याच्या हुकमानं कोलेजन साठतं. बॉस्टनच्या काचेवरच्या गाठी अशाच वर्षानुवर्षं भरत गेल्या होत्या.

अर्थात बशी म्हणजे मूत्रपिंड नव्हे. ५४० ची साखर दिवसरात्र कुणाच्या रक्तात टिकत नाही, आणि खऱ्या गुच्छात रक्तदाबही आपलं काम करत असतो.

म्हणून खऱ्या माणसांत काय होतं ते बघायला १९९३ च्या जूनमध्ये लास व्हेगसला धावती भेट द्या. डीसीसीटी या चाचणीचे निकाल जाहीर होताहेत: टाइप-१ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत साखरेच्या कडक नियंत्रणात लघवीतून ठळक अल्ब्युमिन जाण्याचा धोका ५४ टक्क्यांनी कमी. टाळ्या पडतात. खरं कोडं पुढेच आहे. चाचणी संपली, दोन्ही गटांची सरासरी साखर (एचबीएवनसी) जवळजवळ सारखी झाली, तरी आधी कडक नियंत्रणात असलेल्यांची मूत्रपिंडं पुढे अनेक वर्षं सरस राहिली. पेशींनी जुनी साखर लक्षात ठेवली होती.

त्या आठवणीचा एक माग २००८ मध्ये मेलबर्नच्या असम एल-ओस्टा यांच्या गटाला लागतो. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींना (मूत्रपिंडाच्या नव्हे, हे ध्यानात असू द्या) त्यांनी सोळा तास जादा साखरेत ठेवलं आणि मग नेहमीच्या पातळीवर आणलं. एनएफ-कप्पा-बीच्या पी-६५ या घटकाच्या जनुकाजवळ उमटलेल्या रासायनिक खुणा त्यानंतर निदान सहा दिवस टिकल्या.

मग हाक थेट बंदच का करू नये? बार्डोक्सोलोन या दाहविरोधी औषधाची मोठी चाचणी ऑक्टोबर २०१२ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलं. आज हाताशी असलेली औषधं आडवाटेनं काम करतात. एसीई इनहिबिटर आणि सार्टन गुच्छातला दाब उतरवतात, डापाग्लिफ्लोझिनसारखी ग्लिफ्लोझिन जादा साखर लघवीवाटे काढतात आणि तोच दाब आणखी कमी करतात, फिनेरेनोन दाह आणि तंतुमयता दोन्ही रोखतं. हानी त्यांच्यामुळे मंदावते, गेलेले गुच्छ मात्र परत येत नाहीत.

आता वर्तमानात या. घरात कुणाला मधुमेह असेल तर रक्तातल्या क्रिएटिनिनवर विसंबू नका; ते वाढेपर्यंत बरंच काही गेलेलं असतं. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासून घ्या, टाइप-२ असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी. आकडा ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेला तर चाचणी पुन्हा करा आणि औषधांबद्दल डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा.