दप्तरविद्येचे नवे रूप : संगणकीय कार्यालयसाधने आणि आंतरराष्ट्रीय व्यापार

व्यापाराची कक्षा रुंदावली की त्याच्या पाठोपाठ दप्तरविद्येचे स्वरूपही पालटते, हा इतिहासाचा सर्वपरिचित अनुभव होय. आज आंतरराष्ट्रीय व्यापारात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट ही साधने शिकावी लागतात. या शिक्षणाकडे केवळ यंत्र चालविण्याचे कसब म्हणून पाहावे, की साक्षरतेचा एक प्रकार म्हणून, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करावयाचा आहे.

दप्तरविद्येची तीन अंगे मानता येतील. पहिले हाताचे, म्हणजे लिपी किंवा यंत्र. दुसरे नमुन्याचे, म्हणजे पत्राचा मायना किंवा कीर्द-खतावणीची मांडणी. आणि तिसरे संकेतांचे, म्हणजे लिहिलेल्या मजकुराचा व आकड्याचा उभयपक्षी मान्य असलेला अर्थ. परंपरेने हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘मेस्तका’चा विषय दप्तराची पद्धती हाच आहे. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, ते तिसऱ्या अंगाला हात घालण्यासाठीच. युरोपात लूका पाचोली याने 1494 साली व्हेनिस येथे छापलेल्या गणितग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत विशद केली. बोरू गेला, मोडी व्यवहारातून मागे पडली. पण जमा आणि नावे या संकल्पना मात्र टिकल्या. पहिले अंग सर्वांत अल्पायुषी आणि तिसरे सर्वांत दीर्घायुषी असते, असे यावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकात पहिल्या अंगालाच अवाजवी महत्त्व आले. आयझॅक पिटमनची लघुलिपी 1837 साली आणि शोल्सने योजलेले रेमिंग्टन कंपनीचे टंकलेखनयंत्र 1874 साली बाजारात आले. कार्यालयीन पात्रता ही मिनिटाला किती शब्द, या मापाने मोजली जाऊ लागली. मुंबईत गोदरेज कंपनीने 1955 साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र सिद्ध केले आणि टंकलेखनाच्या शिकवणीवर्गांनी असंख्य तरुणांना नोकरीचे दार उघडून दिले. यंत्र कालबाह्य होताच त्या वेगाचे मोल मात्र झपाट्याने ओसरले.

इलेक्ट्रॉनिक तक्त्याने या इतिहासाला वेगळे वळण दिले. हार्वर्ड येथे व्यवसायशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या डॅन ब्रिकलिन याने फळ्यावरील तक्ता पाहिला. त्यातील एक आकडा चुकला की पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्यातून बॉब फ्रँकस्टन याच्या साहाय्याने 1979 साली ‘व्हिसिकॅल्क’ निर्माण झाले. 1983 साली ‘लोटस 1-2-3’ आणि 1985 साली ‘एक्सेल’ आले. खतावणीचे घर पूर्वी केवळ आकडा सामावून घेई; आता ते दुसऱ्या घराचा निर्देश करू लागले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर नोंदीला अन्वय प्राप्त झाला. तक्ता वाचणे म्हणजे आता आकडे वाचणे नव्हे, तर त्यांमागील सूत्ररूप वाक्य वाचणे होय.

आंतरराष्ट्रीय व्यवहारात या वाक्यांना बोलीभेदाची बाधा होते. ‘03/04’ हा दिनांक भारतात 3 एप्रिल, तर अमेरिकेत 4 मार्च ठरतो. हुंडीची मुदत त्यावर अवलंबून असेल तर हा भेद किरकोळ राहत नाही. आपण 12,34,567 असे लिहितो, अमेरिकेत 1,234,567 असे लिहितात, तर जर्मनीत सहस्राच्या जागी बिंदू आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम येतो. जर्मन एक्सेलमध्ये ‘सम’ या सूत्राचे नावही ‘सुम्मे’ असे आहे. हे भेद मिटविण्यासाठी चलनांच्या संक्षेपांचे प्रमाण 1978 साली आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाचे प्रमाण 1988 साली ठरविण्यात आले. इतकेच नव्हे, तर ‘लोटस’ने 1900 हे लीप वर्ष मानले होते आणि जुने तक्ते चालावेत म्हणून ‘एक्सेल’ने ती चूक जाणूनबुजून जतन केली. त्यामुळे प्रत्यक्षात कधीच न उगवलेला 29 फेब्रुवारी 1900 हा दिवस त्याच्या दिनगणनेत आजही नांदतो आहे. शब्दाचे अशुद्ध रूप रूढीने शिष्टमान्य व्हावे, तसाच हा प्रकार.

संकेतांचे अज्ञान कोठवर नेते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जे. पी. मॉर्गन या बँकेला 2012 साली लंडनमधील व्यवहारांत सहा अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला. बँकेच्याच 2013 सालच्या चौकशी अहवालानुसार, जोखीम मोजण्याचे काम एका तक्त्यातून दुसऱ्यात आकडे हाताने उतरवून चालले होते आणि एका सूत्रात सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागले गेले होते. तोटा या एका चुकीने झाला नाही. पण तिच्यामुळे जोखमीचे चढउतार आहेत त्याहून सौम्य भासण्याचा संभव निर्माण झाला. कळा दाबणारा हात चुकला नव्हता, सूत्राचा अर्थ चुकला होता.

महाराष्ट्रापुरते पाहता, 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची ओळख खेड्यापाड्यांत नेली, हे कार्य निःसंशय मोठे आहे. वर्णमालेच्या वर्गानुसार रचलेली इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणी 1986 सालची, तर युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 सालची. त्यामुळे मराठीत दप्तर ठेवण्यास लिपीची अडचण आज उरलेली नाही. उणीव आहे ती शिक्षणाच्या दृष्टीत. कोणती कळ कोठे आहे हे शिकविले जाते. परंतु तोच तक्ता हॅम्बुर्ग किंवा शिकागो येथे कसा वाचला जाईल, सूत्र पडताळावे कसे आणि एकक व दिनांक निःसंदिग्ध लिहावा कसा, हे क्वचितच शिकविले जाते. कळांच्या जागा पुढील आवृत्तीत बदलतील, टंकलेखकावर आलेली वेळ मग या विद्यार्थ्यांवरही येईल.

हा विषय वाणिज्य विभागाचा, असे म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी दूर राहणे योग्य होणार नाही. चिन्ह, अर्थ आणि संदर्भ यांचा संबंध हा आपल्याच शास्त्राचा विषय आहे. कार्यालयीन संगणकशिक्षणाच्या अभ्यासक्रमात संकेतांना स्वतंत्र स्थान द्यावयाचे असेल, तर त्यांची पद्धतशीर मांडणी मराठीतून करण्याचे काम भाषाविभागांनी अंगावर घेतले पाहिजे. ‘राज्यव्यवहारकोशा’च्या कर्त्याने आपल्या काळात असेच काम पत्करले होते.