डिक्टेटर पाहिजे? किती दिवसांसाठी?

परवा वेळापूरच्या चौकात चहा घेत होतो. शेजारचे काका पेपर आपटून म्हणाले, "ह्या देशाला एकदा डिक्टेटरच पाहिजे, त्याशिवाय सुधारत नाय!" चार जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना.

हा शब्द मूळचा रोमचा, आणि तिथं तो शिवी नव्हता. रीतसर हुद्दा होता. एरवी रोमन लोक एका माणसावर भरवसा ठेवत नसत. दोन कॉन्सल निवडायचे, तेही एका वर्षासाठी, आणि एकाचा निर्णय दुसऱ्याला अडवता यायचा. शत्रू दारात आला की मात्र सगळी सत्ता एकाच्या हातात. पण जास्तीत जास्त सहा महिने! खुर्ची मिळाली की माणूस आपणहून उठत नाही, हे ओळखून मुदत आधीच ठरवलेली. इ.स.पू. ४५८ मध्ये सिनसिनाटस नावाच्या माणसाला नांगरावरून उठवून डिक्टेटर केलं, अशी कथा सांगतात. जमीन जेमतेम अडीच एकर. लढाई जिंकून सोळाव्या दिवशी पद सोडलं आणि गडी परत शेतावर. पुढं इ.स.पू. ८२ मध्ये सुल्लासाठी ही मुदतच उडवली गेली. इ.स.पू. ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला, त्याच वर्षी त्याचा खून झाला. प्रजासत्ताक मात्र परत उभं राहिलं नाही.

रोम लांब राहिलं, आपल्या सोलापूरचं बघा. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मेच्या गोळीबारात शंकर शिवदारे गेले. पोलीस मागं हटले, काही दिवस शहर काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळलं. १२ मेला मार्शल लॉ आला, तो जूनअखेरपर्यंत. कधी उठणार, हे सोलापूरकरांना विचारून ठरणार नव्हतं. तिरंग्यापायी माणसं तुरुंगात गेली. आमच्या धंद्यातले, 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडेही सुटले नाहीत. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. कुर्बान हुसेनही 'गझनफर' नावाचा पेपर काढायचे. चार पुतळ्यांसमोरून जाताना माझी नजर आधी त्यांच्यावर जाते.

ते इंग्रज होते म्हणाल. मग १९७५ ची आणीबाणी? २१ महिने चालली. तेव्हाच्या घटनेत संसदेनं एकदा मंजुरी दिली की पुढं मुदतच नव्हती. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं दर सहा महिन्यांनी नव्यानं मंजुरी घ्यायची अट घातली. रोमवरून उचललं असं मी म्हणत नाही, पण आकडा तोच निघाला.

काका उद्या सकाळी भेटतीलच. किती दिवसांसाठी पाहिजे, आणि मुदत संपल्यावर त्याला उठवणार कोण, एवढंच विचारणार आहे. चहा माझ्याकडून.